पुठ्ठा काढल्यावरचा उजेड

विश्वास कोणावर ठेवाल, सांगा बरं? उजेड झकास आहे म्हणणाऱ्या शेठवर, दिसत नाही म्हणणाऱ्या बाईवर, की आकडा दाखवणाऱ्या माझ्यावर? घाई करू नका. मी लक्समीटर बोलतोय. अंग मुठीएवढं, वायरीच्या टोकाला पांढरी घुमटी. तिच्यावर पडेल तेवढा उजेड मी आकड्यात सांगतो.

दुकानाच्या काचेत बसून, गिऱ्हाइकं बघत मी शहाणा झालो. माणूस जास्त गोड बोलला की मला शंका येते. माझ्या पहिल्या मालकाने मला खिडकीत धरून अख्खं बेसमेंट पास करून टाकलं होतं. पुढे फ्लेवियाने मला घेतलं. कारखान्यांतला उजेड तपासणं हे तिचं काम.

गेल्या वर्षी आम्ही घाटकोपरला निलेशशेठच्या गाळ्यात गेलो. तिथे बायका इमिटेशनच्या दागिन्यांत खडे बसवतात. निलेशने आधी चहा पाजला, मग हळूच सांगितलं की नलिनीताईंचे खडे वाकडे बसतात, माल परत येतो. बाईचे डोळे गेलेत. उजेड बरोबर निघाला की तिला घरी बसवायला तो मोकळा.

म्हणजे तिची रोजी माझ्या आकड्यावर टांगलेली.

ट्यूबा पुसलेल्या, बायका उठून भिंतीला उभ्या. रिकाम्या टेबलावर माझा आकडा भरपूर आला. निलेश खूश. नलिनी माझ्याकडे बघत होती, जणू मी शेठचा मेव्हणाच.

पण फ्लेवियाची नजर वर गेली. प्रत्येक ट्यूबला सुतळीचे तुकडे लोंबत होते. तिने विचारलं. नलिनीच्या शेजारी बसणारी शकु बोलली, "पुठ्ठे होते, मॅडम. उघडी ट्यूब खड्यांवर चमकते, डोळ्यांत घुसते. तुम्ही येणार म्हणून आम्हीच काढले. बरं दिसत नाही ना ते."

पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं यांनी आपलं दुखणंच आवरून ठेवलं होतं. आणि ते पुठ्ठे काढायला स्टुलावर चढली होती कोण, तर नलिनी.

फ्लेवियाने पुठ्ठे परत बांधायला लावले आणि नलिनीला रोजच्यासारखं कामाला बसायला सांगितलं. ती बसेना. "कशाला? हे डबडं शेठचंच बोलणार."

"बस गं," शकु म्हणाली, "नाहीतर उद्यापासून तुझ्या वाटचे खडे मला बसवायला लागतील."

ती बसली, वाकली. वर पुठ्ठा, खाली तिच्याच डोक्याची सावली. माझा आकडा निम्म्याच्याही खाली घसरला.

निलेश हसत म्हणाला, "मॅडम, पहिलाच लिहा ना."

"दोन्ही लिहिणार. पुठ्ठा का लागला, तेही."

आता तिथे ट्यूबा बाजूला सरकल्यात, त्यांना चमक मारणारी दुधी झाकणं बसलीत. नलिनीला चष्माही लागला, ते नाकारत नाही. पण ती कामावर आहे आणि तिचे खडे सरळ बसतात. मला बघून अजून तोंड वळवते. तिचं चुकत नाही. माझी घुमटी पिवळी पडत चाललीय, मलाही दरसाल तपासून घ्या. आणि एवढी विनंती ऐका: उजेडाचा हिशोब मांडाल तेव्हा माणसाला उठवू नका. तो जसा बसतो तसा बसू द्या, आणि येईल तो आकडा, शेठला आवडो न आवडो, इमानाने लिहा.