लांबचा रस्ता

“बाई, आजही लांबच्या रस्त्यानं?” मी विचारलं.

“रोज काय विचारता? बहिणीच्या दारावरून जायचं नाही म्हणजे नाही,” म्हणत बाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली. पिशवी घेतली म्हणजे लढाईवरून कुणाची तरी तार आली होती.

मी नगरपालिकेतला शिपाई. बाई आमच्या अध्यक्ष, त्या खुर्चीत बसलेली पहिलीच बाईमाणूस. आधीचे साहेब लढाईवर गेले, तेव्हा सगळे म्हणाले, बसवा चार महिने, शोभेला. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच आठवड्यात एका बिचारीला नवरा लढाईत पडल्याची तार आली. तिला वाचता येईना. ती दुकानदाराकडे घेऊन गेली आणि त्या शहाण्यानं भर गिऱ्हाइकांत ती मोठ्यानं वाचली. बाईंनी त्याच दिवशी नियम केला. तार अध्यक्षानंच घरी न्यायची. आधी माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं.

झालं! बाई रस्त्याला लागल्या की खिडक्या फटाफट बंद. दवाखान्याला कोळसा कुणी मिळवून दिला, रेशनची रांग कुणी सरळ केली, ते कोण लक्षात ठेवतो? सख्खी धाकटी बहीण ऑफिसात येऊन रडली, “ताई, पाया पडते तुझ्या. पोरगा लढाईवरून परत येईपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस.”

“बरं,” एवढंच म्हणाल्या बाई.

नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. रविवारचं जेवण तेवढं बहिणीकडे असायचं. तेही तुटलं. मग रविवारीही ऑफिसात येऊन बसायच्या. मी म्हटलं, “बाई, आज सुट्टी आहे.”

“घरी घड्याळाचा फार आवाज होतो हो,” म्हणाल्या.

दोन वर्षं अशी गेली. लढाई संपली. साहेब धडधाकट परतले आणि आल्या आल्या खुर्ची मागितली. बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आभाराचं कुणी तोंडदेखलंही बोललं नाही. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण शिपायाला कोण विचारतो?

तेवढ्यात दारात भाचा उभा. वाळलेला, पण हातीपायी धड. “मावशी, आईनं जेवायला बोलावलंय.”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. पिशवी खुंटीलाच राहू दिली. मला म्हणाल्या, “चला हो सोबत. मला धीर होत नाही.”

जवळच्या रस्त्यानं गेलो. भाच्यानं कडी वाजवली. बहिणीनं दार उघडलं. पोटचा पोरगा समोर उभा होता, तरी तिची नजर आधी गेली ती बाईंच्या हातांकडे. चेहरा पांढराफटक पडला.

बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. धुतलेले हात लहान मूल आईला दाखवतं, तसे त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

“बघ गं,” म्हणाल्या, “काही आणलेलं नाही.”