चाक माझं सरळ होतं

"दाबा, सोडा. दाबा, सोडा. मास्तर, उतारावर ब्रेक धरून बसायचं नाही. पुढचाही दाबा, मागचाही दाबा, आणि सोडा."

हा आवाज अन्वरभाईंचा. दोन वर्षं झाली त्याला. तरी गल्लीतून कुणी दुधाच्या किटल्या वाजवत गेलं की मला तोच ताल ऐकू येतो. आवाज इतका साफ होता की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही तो पाठ झाला असेल. ज्यांच्यासाठी होता, त्यांना मात्र झाला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, बावीस इंची सायकल आहे. जळगावच्या पिंप्राळ्यात एका दुमजली घराच्या जिन्याखाली दोन वर्षं उभी होते. माझ्या हँडलवर ओली फडकी वाळायची. कॅरिअरवर कूलरचं गवत ठेवलेलं असायचं. सीटवर एक मांजर निजायचं. मांजराबद्दल माझी काही तक्रार नाही, ते खोटं बोलत नाही. माझी तक्रार माझ्या मालकाबद्दल आहे. त्यांनी माझं नाव घेऊन एका भल्या माणसाला खोट्यात पाडलं, आणि मी तोंड नसलेली, म्हणून ते दोन वर्षं खपून गेलं.

माझे मालक प्रेमराज मास्तर. विज्ञान शिकवायचे. पिंप्राळ्याहून निघायचं, तापीचा पूल ओलांडायचा, केळीच्या बागांमधून चौदा किलोमीटर जायचं आणि शाळेच्या कडुनिंबाखाली मला उभं करायचं, असं आम्ही सव्वीस वर्षं केलं. सुटी लागली की यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवीपर्यंत जायचो. फार चांगली वर्षं होती ती. पावसाळ्यात माझी चेन ते स्वतः पुसायचे, आपला चष्मा पुसायच्या आधी.

आणि दरवर्षी एक दिवस माझ्या मानाचा असायचा. त्या दिवशी मास्तर मला वर्गात न्यायचे, टेबलावर उलटी ठेवायचे, मागचं चाक जोरात फिरवायचे आणि ब्रेक दाबून धरायचे. मग एकेकाला बोलवायचे. "लाव हात रिमला. काय लागतं?"

"गरम लागतं, सर."

"याला घर्षण म्हणतात. जितका वेळ ब्रेक धरून ठेवाल, तितकं चाक तापेल. ध्यानात ठेवा."

सव्वीस वर्षं मी हा धडा उलटी होऊन ऐकला आहे. म्हणून तर माझा राग जात नाही.

मास्तर निवृत्त झाले. त्यांची मुलगी पुनम फ्रान्समध्ये नोकरीला होती. एके दिवशी फोनवर ती म्हणाली, "बाबा, इथे डोंगराळ खेड्यांमधून लोक आठ-आठ दिवस सायकलवर फिरतात. तुम्ही या, आपण दोघं जाऊ. सायकल इथे भाड्यानं मिळेल."

"भाड्याची कशाला? माझी आहे ना," मास्तर म्हणाले.

हे ऐकून माझ्या घंटीला आपोआप झणका बसला, असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

मला अन्वरभाईंच्या दुकानात नेलं. अन्वरभाई म्हणजे पिंप्राळ्यातला सगळ्यात जुना सायकलवाला. त्यांनी माझे दांड्यांचे ब्रेक काढून तारेचे बसवले. मागे सात चकत्यांचा गिअर घातला. पुढचं चाक चांगलं होतं. मागचं त्यांनी नव्यानं भरलं. रिकामी रिम घेऊन एकेक तार, म्हणजे स्पोक, गुंफत गेले, शेवंतीची वेणी गुंफावी तसे. आणि मग कान लावून बसले. तारेला बोटानं छेडायचे आणि ऐकायचे. सगळ्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. एखादी मुकी निघाली, की चावीनं तिला ताण द्यायचे, पुन्हा ऐकायचे. तीन दिवस ते चाक त्यांच्या स्टँडवर फिरत होतं.

"किती घोळ घालतोस रे एका चाकाचा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही चुकीचं शिकवलं तर पोरगं नापास होतं. मी चुकलो तर माणूस पडतो."

निघताना त्यांनी तारा आवळायची बारीक चावी मास्तरांच्या खिशात घातली. "लागणार नाही. पण असू द्या." आणि मग ते सांगितलं, दाबा, सोडा. एकदा नाही, चार वेळा. कारण त्यांना ठाऊक होतं की खानदेशातला माणूस सपाटीचा. पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो, असं इथे लहानपणीच मनात बसवलेलं असतं. म्हणून आमच्याकडच्या सायकलींची पुढची रबरं वर्षानुवर्षं कोरी राहतात आणि मागची झिजून जातात.

मला खोक्यात घालायच्या आधी मास्तरांची बायको भागाबाई आली. हँडलला हळदकुंकू लावलं, आणि तिथल्या तिथे रचून म्हणाली,

जाय माझी काळी घोडी, दूर देशाच्या चढाला
सांभाळून आण बाई, माझ्या घराच्या धन्याला

"घोडी काय, आणि धनी काय," मास्तर पुटपुटले, पण लाजले.

मित्रांनो, फ्रान्सचा तो मुलूख मला परका वाटला नाही. घरं काळ्या दगडाची, आपल्या सातपुड्याखालच्या दगडासारखी. पुनमनं सांगितलं की हे सगळे विझलेले ज्वालामुखी आहेत. काळ्या घरांवर हिरवी कुरणं, कुरणांत गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, वाळक्या गवताचे गोल गठ्ठे. रस्ता इतका अरुंद की ट्रॅक्टर आला की आम्हाला कुंपणात शिरावं लागे. प्रत्येक गावात दगडी कुंडात पाण्याची धार पडत असायची. तिथे बाटली भरायची, आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मास्तर छाती फुगवून म्हणायचे, "बोंझूर." म्हातारे परत म्हणायचे. पुढचं काही दोघांनाही येत नव्हतं, म्हणून दोघंही हसायचे.

पहिल्या दिवशी चढ आले. मी चढले. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठे आले. मास्तर उतरून चालले, पण मी कुरकुरले नाही. त्या दुपारी एका गावात शेताची अवजारं दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला. हात तेलानं काळे. त्यानं मला न्याहाळलं, खाली बसला, आणि माझ्या मागच्या चाकाची एक तार बोटानं छेडली. मग दुसरी. मग तिसरी. डोकं तिरकं करून ऐकलं. हात फ्रान्सचा होता, कान अन्वरभाईंचा. उठून त्यानं पुनमला विचारलं, हे चाक कोणी बांधलं?

"माझ्या गावच्या माणसानं," पुनम त्याच्या भाषेत म्हणाली.

त्यानं टोपी काढली. मास्तरांसाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. जो तिथे नव्हता, त्याच्यासाठी. मास्तर म्हणाले, "अन्वरला हे सांगितलंच पाहिजे." सांगितलं का? ते ऐका.

तिसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत पोचलो. पुढे अकरा किलोमीटर नुसता उतार. पुनम म्हणाली, "मी खाली चौकात थांबते. बाबा, ब्रेक सोडत सोडत या." आणि ती वाऱ्यासारखी गेली.

मास्तर घाबरले. त्यात लाज काय होती? तो उतार पाहून कुणीही घाबरला असता. पण त्यांनी मागचा ब्रेक धरला तो धरलाच. पुढच्याला बोटही लावलं नाही. एक किलोमीटर झाला, दोन झाले, सहा झाले. माझी मागची रिम अशी तापली की मोहरी टाकली असती तर तडतडली असती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची बोटं माझ्या रिमला लावणारा माणूस, आणि त्याला एकदा थांबून स्वतःचं बोट लावावंसं वाटलं नाही. शेवटी ट्यूब फुटली. आवाजानं गाईसुद्धा पळाल्या.

मी वाकडी झाले नाही. भागाबाईचे शब्द मला आठवत होते. मी तशीच सरळ घसरत कडेच्या झुडपांत गेले आणि त्यांना गवतावर ठेवलं. खरचटलंसुद्धा नाही. ते उठले, माझ्या रिमला हात लावला, आणि चटका बसून मागे घेतला. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चुकल्याचं दुःख नव्हतं त्यावर. विज्ञानाचा मास्तर घर्षणानं पडला, हे आता लेकीला कसं सांगायचं, ही धास्ती होती.

आणि मग त्यांनी खिशातून ती चावी काढली.

मित्रांनो, हे सांगताना माझ्या तारा आजही थरथरतात. त्यांनी मागच्या चाकाच्या तीन तारा शोधल्या, शेजारशेजारच्या, आणि एकेक करून ढिल्या केल्या. प्रत्येकीला दोन फेरे. चाक फिरवून पाहिलं. वळवळलं. चावी खिशात ठेवली. ज्या चावीनं त्या माणसानं त्यांचा जीव जपला होता, तिनंच त्यांनी त्याचं नाव ढिलं केलं.

पुनम परत चढून आली तेव्हा ते म्हणाले, "चाक कच्चं निघालं गं. तारा सुटल्या, टायर घासला आणि फुटला."

सहल तिथेच संपली. मला एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीत टाकून स्टेशनवर नेलं.

जळगावात सकाळच्या सायकल मंडळानं मास्तरांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि मला दाराशी टेकवलेली. मंडळींनी विचारलं, आठ दिवसांचे तीनच का? मास्तर म्हणाले, "काय सांगू, अन्वरच्या चाकानं घात केला." कॅरिअरवर भुईमुगाचं पोतं घेऊन फिरणारा हिलालभाऊ, मूळचा धुळ्याचा, लगेच म्हणाला, "त्याना हात आते थकी गया भो." सगळे हसले. हसण्यावारी गेलेली गोष्ट गावभर गेली. चाक भरायला लोक दुसरीकडे जाऊ लागले.

अन्वरभाई भांडायला आले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आले, पण चप्पल बाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "मास्तर, एकदा ते चाक द्या. मी कुठे चुकलो ते पाहू द्या."

"राहू दे रे. झालं गेलं," मास्तर म्हणाले. मनाचा मोठेपणा दाखवत म्हणाले, हे विशेष. अन्वरभाई तीनदा आले, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर घेऊन गेले. मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, त्या कानाखाली चाक गेलं की सगळं उघडं पडणार. म्हणून मी जिन्याखाली. म्हणून ते गवत, ती फडकी.

गेल्या महिन्यात पुनम सुटीवर आली. तिनं मला ओढून बाहेर काढलं. "बाबा, दोन वर्षं चाक तसंच?"

"वेळ कुठे मिळाला."

"वेळ नाही म्हणे," भागाबाई आतून म्हणाली. "दिवसभर पेपरातली कोडी सोडवतात."

पुनमनं मला हातानं ढकलत नेलं. मास्तर मागून आले, यावंच लागलं त्यांना. दुकानात पाहिलं आणि माझा जीव गलबलला. ज्या स्टँडवर चाकं सरळ व्हायची, त्यावर जुन्या ट्यूब टांगलेल्या. आता तिथे फक्त हवा आणि पंक्चर. अन्वरभाईंची बायको सलीमा पुनमला म्हणाली, "चाकाला हात लावत नाहीत गं हे आता. माझे कान गेले म्हणतात. मी चांगली हळू बोलते, तरी सगळं ऐकू येतं यांना. पण मानत नाहीत."

अन्वरभाईंनी ट्यूब बाजूला केल्या. माझं चाक स्टँडवर चढवलं आणि एकेक तार छेडत गेले. टण, टण, टण. सगळ्या बोलल्या, दोन वर्षं जिन्याखाली राहूनही बोलल्या. मग ठप्प. ठप्प. ठप्प. त्यांनी चावी लावली. एक फेरा, दोन फेरे, आणि पहिली बोलली. दुसरीला दोन फेरे. तिसरीला दोन फेरे. चाक फिरवलं. ते सरळ फिरलं, परातीतल्या पाण्यासारखं स्थिर.

आपोआप ढिली पडणारी तार मोजूनमापून पडत नाही. हे त्या माणसाला कळलं नसेल, असं मला वाटत नाही. त्यांनी चावी बराच वेळ हातात धरली. मास्तरांकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "मीच विसरलो असेन, मास्तर. या तिघींना ताण द्यायचा राहिला असेल. वय झालं."

इतका राग मला उतारावरही आला नव्हता. मित्रांनो, सायकल घेतलीत तर तिला तेल द्या, सावलीत ठेवा, हे मी सांगणारच. पण आमची खरी हेळसांड गंजानं होत नाही. तुमची चूक आमच्या अंगावर ढकलता आणि ती आमच्यावरून घरंगळून एखाद्या कारागिराच्या दारात जाऊन पडते, तिथे होते. आम्हाला तोंड नाही. त्याला आहे, पण तो भला असला तर उघडत नाही. मग बोलायचं कुणी?

चाक अजून फिरत होतं. मास्तर पुढे आले. शाळेत पोरांना सांगायचे तसा त्यांनी स्वतः रिमला हात लावला आणि चाक थांबवलं. हात तिथेच राहिला.

"अन्वर," ते म्हणाले, "तिथल्या एका कारागिरानं तुझ्या या चाकासाठी टोपी काढली होती. दुसऱ्या दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी मी ब्रेक सोडला नाही. ट्यूब त्यामुळे फुटली. या तीन तारा तू नाही विसरलास. मी ढिल्या केल्या, तुझ्याच चावीनं."