लख्ख डबा

वसतिगृहामागच्या भिंतीआड रेणूने डबा उपडा केला आणि कुत्रं शेपूट हलवत पुढे आलं. ज्वारीची भाकरी, झुणका, वर तुपाची धार. खटकचिंचोळीहून सकाळच्या जीपने निघालेलं आईच्या हातचं जेवण बीदरमधलं हे भटकं कुत्रं बरेच दिवस जेवत होतं. पोरगी वाळत चालली होती, कुत्रं तेवढं अंगाला भरलं होतं.

मग ती नळावर बसून डबा घासायची. घरी संशय येऊ नये म्हणून अगदी लख्ख घासायची आणि दुपारी स्टँडवर जाऊन जीपवाल्या हावगेप्पाकडे द्यायची. जेवलीस का, असं तो विचारायचा. ती मान हलवायची. दिवसभरात तिच्याशी कुणी बोललेलं तेवढंच.

घास घशाखाली उतरतच नव्हता. गावच्या मराठी शाळेत कायम पहिली येणारी रेणू इथल्या मेडिकलच्या क्लासात, मार्कांप्रमाणे बाक बदलत बदलत, शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. सर इंग्रजीतून भराभर पुढे जायचे. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं. पण हे घरी सांगायचं कसं? आमची रेणू डॉक्टर होणार, असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी, अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं. मग फोनवर ती म्हणायची, सगळं बरं आहे.

त्या सोमवारी सकाळी ती डबा घ्यायला स्टँडवर गेली, तर जीपमधून आईच उतरली. सावित्रम्माच्या हातात डबा होता.

दोघी बाकड्यावर बसल्या. सावित्रम्मा बराच वेळ लेकीची मनगटं बघत राहिली.

"शाळंतून आलीस की डबा मोरीत टाकून पळायचीस. एकदा बी धुतला न्हाईस."

रेणूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आता रोज लख्ख होऊन यायलाय. कामून गं?"

रेणूला रडू फुटलं. सांगायचं खूप होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "अप्पा काय म्हणतील?"

सावित्रम्माने डबा तिच्या मांडीवर ठेवला. तो हलका लागला. रेणूने झाकण काढलं. आत काहीच नव्हतं.

"घरी चल," आई म्हणाली. "अप्पा तुझ्यासाठी जेवायचे थांबलेत."