किल्ली अर्धी, दिवे चालू

रविवारी सकाळी वरंध घाटाच्या माथ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. भोरकडून आलेल्या गाड्या, महाडकडून चढलेल्या गाड्या, मध्ये नारळवाले, भजीवाले. प्रत्येक गाडीची काच खाली आणि प्रत्येक काचेत चार डोकी घुसलेली. आत काय, तर मीटरच्या काट्यांशेजारचा ॲव्हरेजचा आकडा, लिटरला किती किलोमीटर.

"माझी पायथ्याला पन्नास देते हाय," एक म्हणाला.

"इंजिनाचा आवाज नाय, धूर नाय. नुसती तरंगत उतरते."

हा चमत्कार ऊर्जानंद महाराजांचा. भगवी कफनी, मनगटात जाड घड्याळ, पुढ्यात लिटर-लिटरच्या निळ्या कॅनची उतरंड. कॅनमध्ये डिझेल. महाराज सांगत होते, "पंपावरचं साधं डिझेल तामसी. ते जडपणे जळतं. तो जाहिरातीतला महागडा प्रकार राजसी. तो नुसता मिरवतो. आमचं सात्त्विक. ते जळत नाही, विरघळतं." सात्त्विक डिझेल विरघळत असेल तर गाडी कशावर चालते, हे कुणीही विचारलं नाही. बारावी विज्ञान झालेली पोरं हात जोडून उभी होती. मी तिथेच होतो आणि माझे दात दुखायला लागले, इतके मी ते आवळले होते.

विधी साधा होता. महिपत नावाचा शिष्य टाकीत एक कॅन ओती, चाकापुढे नारळ फोडी, मग गाडीत वाकून मीटरला अंगारा लावी. महाराज नियम सांगत, "उतार लागला की इंजिन बंद. देव ओढतो, त्याच्या कामात लुडबुड नको. किल्ली मात्र अर्धीच फिरवायची. आतले दिवे चालू राहिले पाहिजेत. देवाला अंधार चालत नाही."

आता सयाजीदादांचं सांगतो. घाटातल्या वाडीचे शेतकरी, भातशेती सांभाळून सात जणांची डिझेल गाडी चालवतात. रोज वाडीतली पोरं त्याच गाडीने उतरून बिरवाडीच्या हायस्कुलात जातात. त्यात त्यांची स्वतःची नात, सई. आठवीत आहे. सयाजीदादा महाराजांचे पक्के भक्त. घाट तोच, वळणं तीच, आणि गाडीत पोरं कोंबलेली.

सईच्या वर्गाला विज्ञान शिकवतात कालिंदीबाई. आमच्या शेजारच्या. एकदा बाई घर्षण शिकवत असताना सई सहज बोलून गेली, "बाई, आमची गाडी आता आवाज न करता उतरते. मग वळणावर आजोबा ब्रेकवर उभे राहतात."

"उभे राहतात म्हणजे?"

"सीटवरून उठतात, बाई. दोन्ही पायांनी."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, "रविवारी घाटात येणार का?" आम्ही सयाजीदादांचीच गाडी सांगितली. निघताना बाईंनी बिरवाडीच्या पंपावर टाकी भरून घेतली, नळी आपोआप बंद होईपर्यंत.

माथ्यावरच्या त्या गर्दीत आमची पाळी आली. बाई पुढे, दादांच्या शेजारी. मीटरवर सरासरी पंधराच्या आसपास दिसत होती. महिपतने कॅन ओतला, रिकामा कॅन गाडीतच ठेवला, वाकला, मंत्र पुटपुटत अंगठा मीटरच्या कडेच्या बटणावर टेकवला. टेकवला आणि ठेवला. अंगठा उचलला तेव्हा पंधराच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

"बघा बाय, पाप धुवून गेला," सयाजीदादा म्हणाले.

"महिपतराव, अंगारा जरा इकडे काचेला लावा," बाई म्हणाल्या. "बटणाला नको."

"जागा ठरलेली आहे ताई. शक्तीचा मार्ग तोच."

"मग पुढच्या गाडीला मी लावते."

बाईंनी पर्समधून पुडी काढली. तीत वर्गातल्या खडूची पूड होती. मागच्या गाडीवाल्याला त्यांनी विचारलं, त्याने हसत होकार दिला. बाईंनी पुडीत अंगठा बुडवून बटण दाबून धरलं. तिथेही रेघा उमटल्या.

"हे बटण जुनी सरासरी पुसतं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कंपनीनंच दिलंय. मागचा सगळा चढ, सगळी वळणं, सगळं जळलेलं डिझेल विसरायला लावतं. मग तुम्ही माथ्यावरून नुसते खाली घसरता. किल्ली अर्धी, म्हणून मीटर जागा राहून अंतर मोजतो. इंजिन बंद, म्हणून डिझेल मोजायलाच नाही. पन्नास येईल नाही तर काय? देवाला अंधार चालतो हो. मीटरला चालत नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण पन्नास येतात ना शेवटी?"

हे असं आहे. समोर फोडून दाखवलं तरी.

महाराज डोळे मिटूनच बोलले, "बेटी, तर्काने टाकी भरत नाही."

"टाकीचं नंतर बघू. आधी ब्रेक," बाई म्हणाल्या. "सयाजीदादा, इथे सपाटीवर हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद करा. आता ब्रेक दाबा. सोडा. परत दाबा. परत."

तिसऱ्या-चौथ्या वेळी दादांचा पाय थांबला. त्यांनी जोर लावला. सीटवरून किंचित उठले.

"दगड झाला," ते म्हणाले.

"पाय तसाच ठेवा. आता गाडी चालू करा."

इंजिन घुरघुरलं आणि दादांचा पाय आपोआप खाली गेला, लोण्यात गेल्यासारखा. इंजिन चालू असतं तेव्हा ब्रेकला त्याचं बळ मिळतं. बंद केल्यावर उरलेलं बळ दोन-तीन दाबांत संपतं. मग उरतो तो म्हाताऱ्या माणसाचा पाय आणि घाटाचा उतार. स्टिअरिंगही तसंच जड होतं. हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक आपण प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, पूजेला काढतो, वाचत नाही.

सयाजीदादांनी ब्रेकवरून पाय काढला.

"परवाच्या दिशी," ते म्हणाले, "धबधब्याच्या वळणावर गाडी कठड्याला घासली. पोरं मागं गाणी म्हणत व्हती. मला वाटला, माझीच भक्ती कमी पडली. म्हणून आज दोन कॅन घेणार व्हतो."

बाईंनी इंजिन बंद न करता गिअरमध्येच उतरायला सांगितलं.

उतरताना दादांनी इंजिन चालू ठेवलं, दुसरा गिअर टाकला. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. पाय असा उचललेला आणि गाडी गिअरमध्ये असली की आजकालची इंजिनं डिझेल घेतच नाहीत, चाकंच इंजिनाला फिरवतात. शिवाय इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेक थोडाच लागतो. म्हणजे पायथ्याला मीटर तरीही भरमसाट आकडा दाखवत होता, आणि ब्रेक दादांच्या ताब्यात होता.

बिरवाडीच्या त्याच पंपावर, त्याच नळीने, परत नळी बंद होईपर्यंत टाकी भरली. आता टाकीत बसलेलं डिझेल आणि महाराजांचा कॅन मिळून जेवढं जळलं, त्याने जाण्यायेण्याच्या अंतराला भागलं. पंधरा आले. सात्त्विकाचे पंधरा. गेल्या वर्षी तामसीचेही पंधराच होते, हे दादांना पक्कं आठवत होतं.

नळी धरणाऱ्या सुनीलने गाडीतला रिकामा निळा कॅन पाहिला आणि म्हणाला, "हा महिपतचा काय? रोज आमच्याकडनंच तर भरून नेतो."

आता वाटेल, गोष्ट संपली. कशाची संपते. पुढच्या रविवारी मी परत माथ्यावर गेलो. रांग जरा आखूड होती, एवढाच फरक. महाराजांनी नवा नियम काढला होता: खडू लावलेल्या गाडीला सिद्धी फळत नाही. माणसं माना डोलवत होती. त्यांतल्या दोघांनी मागच्या वेळी ब्रेक दगड होताना स्वतः पाहिला होता.

म्हणून एकदाच, साध्या शब्दांत लिहितो. डिझेल निवडायचं तर गर्दीच्या, चोख पंपावरचं निवडा. महागडं घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी दोन्ही प्रकार टाकी-टाकी भरून मोजा, आणि फरक पडला तरच घ्या. टायरात हवा नीट ठेवा, वेळेवर फिल्टर बदला, उगाच रेस करू नका. ॲव्हरेज यातून वाढतं. कफनीतून नाही. जो माणूस इंजिन बंद करून उतरायला सांगतो, तो तुमचं डिझेल वाचवत नाही. तो तुमच्या नातीचा जीव त्या आकड्यावर लावतो, आणि स्वतः माथ्यावरच बसून राहतो.

काल सकाळी मी धबधब्याच्या वळणावर उभा होतो. सयाजीदादांची गाडी दिसण्याआधी ऐकू आली. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत, कुरकुरत. मागच्या काचेतून सईने हात हलवला. कठड्यावरचा तो पांढरा ओरखडा मागे टाकून गाडी सावकाश वळली.

तिच्या मागून आणखी एक गाडी आली. आत लहान मुलं होती, आणि आवाज अजिबात नव्हता.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. चालक सीटवरून उठलेला मला दिसला. माझ्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. काच खाली करून तो शिव्या द्यायला लागला. त्याच्या शिव्या संपेपर्यंत मी थांबलो आणि मग विचारलं, "दादा, किल्ली अर्धीच आहे ना?"