थ्रेस्याम्माच्या नावाचा मासा

थ्रेस्याम्माच्या स्वयंपाकघरातल्या नळाला सहा वर्षं फडकं बांधलेलं होतं. पाणी गाळायला नव्हे, मासा धरायला. तिचे पती पैली मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी एवढा एकच धडा धरून ठेवला: मागच्या विहिरीच्या तळाशी, जांभ्याच्या भेगांत, एक आंधळा, लालभडक मासा राहतो. अंगाने अर्ध्या करंगळीएवढा, मिशा मात्र हवालदाराच्या. पंपाबरोबर चुकून वर येतो. सहा वर्षांत दोनदा चुकला होता.

दोन्ही वेळा मास्तरांनी त्याला फॉर्मालिनमध्ये बुडवलं, कारण शाळेत तीस वर्षं बेडूक तसेच बुडवले होते. त्यांची जुनी विद्यार्थिनी श्रीलता आता कॉलेजात माशांवर काम करायची. बरण्या बघून ती कपाळाला हात लावून बसली.

"मास्तर, ही जात अजून कुणी नोंदवलेलीच नाही! पण फॉर्मालिनने जनुकं गेली की हो. एक ताजा मासा हवा. त्याशिवाय वर्णन कोणी छापणार नाही."

"देतो की. नावही ठरलंय. हिचं."

थ्रेस्याम्मा नारळ खवत होती. "अडतीस वर्षांत एक धड साडी नाही, आणि आता हा आंधळा मासा!"

"मिशांचा राग आला का?"

"छे. आंधळी होते म्हणूनच तुमच्याशी लग्न केलं, ते आता जगाला कळू दे."

रोज सकाळी मास्तर फडकं सोडून खिडकीच्या उजेडात धरत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते सोडायला उठलेच नाहीत.

मास्तर गेल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना आणि मग घरी तीनशे पानांचं जेवण. धाकटा दीर कुरुविला वहिनीला म्हणाला, "चेडत्ती, तुम्ही फक्त बसून राहा." आदल्या दिवशी त्याने विहीर उपसून घेतली आणि ब्लीचिंग पावडर टाकली. कार्य असलं की त्या भागात विहीर अशीच साफ करतात. पावडर किती, ते आरोग्यसेविकेने सांगितलं होतं. पण भावावर माया फार, म्हणून त्याने तिप्पट टाकली. त्याने विहिरीचं विचारलं तेव्हा थ्रेस्याम्माने मान डोलावली होती. खुर्च्यांचं विचारलं तेव्हाही डोलावली होती.

सकाळी तिने कॉफीसाठी नळ सोडला. फडकं जड वाटलं. सोडून पाहिलं, तर आत चार मासे. लाल रंग उतरून गुलाबी झालेले. एकाची मिशी अजून हलत होती. तिने घाईने वाडग्यात पाणी घेऊन त्यांना सोडलं. पाणी त्याच विहिरीचं होतं. घरात दुसरं नव्हतं.

श्रीलता प्रार्थनेला आली. वाडगा बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ब्लीचिंगचा वास आला.

"चालतील का गं?" थ्रेस्याम्माने विचारलं.

"चालतील, अम्मच्ची." गाडीतून स्पिरिटची बाटली आणून तिने चौघांना त्यात ठेवलं.

कुरुविला भाताचं पातेलं नेता नेता थबकला. "बघा चेडत्ती! दादा सहा वर्षं फडकं बांधून बसला, मी एका दिवसात चार काढून दिले!"

त्याला कुणी काही सांगितलं नाही. बिचारा जेवणभर खूश होता.

नंतर श्रीलताने वही उघडली. "कसे पकडले, ते लिहावं लागतं."

"मास्तरांच्या जेवणासाठी पाणी शुद्ध केलं तेव्हा, असं लिही."

श्रीलताने पेन उघडलं. मग लिहिलं, 'नळाला बांधलेल्या फडक्यात.'

पुढच्या जानेवारीत वर्णन छापून आलं. श्रीलताने घरी येऊन वाचून दाखवलं: किती काटे, किती मिशा, डोळे नाहीत, आढळ या एकाच विहिरीत. नाव थ्रेस्याम्माचं. जेवणाच्या त्या दिवसानंतर विहिरीत एकही दिसला नव्हता.

"तुला आणखी लागतील का?"

"नाही, अम्मच्ची. काम झालं."

"मला हवाय एक," थ्रेस्याम्मा म्हणाली. "जिवंत."

तिने धुतलेलं फडकं पिळलं आणि नळाला बांधलं. मास्तर बांधत तशीच सैल गाठ मारली. नळ सोडल्यावर अर्धं पाणी तिच्या अंगावर उडालं.