तेलाने माखलेल्या तारेची साक्ष

मी एका जुन्या मोटारीतील हवा मोजणारा सेन्सर आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी असत्यवचनी नाही. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधील नळीत माझे आसन आहे. केसासारखी बारीक अशी एक तप्त तार हेच माझे सर्वस्व. वाहती हवा तिला निववते; किती निववते, यावरून आत किती हवा गेली ते मी सांगतो आणि त्या मानाने इंजिनाला इंधन मिळते. हे व्रत मी कधी मोडले नाही.

आमची मालकीण परिचारिका. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. तिचे सासरे प्रेमळ, पण त्यांना तेलाचे भारी वेड. बिजागरी, कुलूप, शिलाई यंत्र, त्यांच्या बुधलीतून काही सुटत नसे. एकदा त्यांनी आमचा धुऊन वापरायचा फिल्टर स्वहस्ते धुतला आणि हलका हात पुरे होता तेथे त्याला तेलाने न्हाऊ घातले. हवेबरोबर ते तेल माझ्या तारेवर येऊन बसले. पांघरूण घेतलेल्या तारेला वारा कसा लागावा? भरपूर हवा मला थोडी भासू लागली. इंधन अपुरे पडून गाडी चढणीवर आचके देऊ लागली.

गॅरेजात मिस्त्रीने माझी जोडणी काढली, तर इंजिन माझ्यावाचून अधिक बरे चालले. माझ्या मोजणीपेक्षा गाडीच्या संगणकाचा नुसता अंदाज सरस ठरला! त्याने नवा सेन्सर मागवला. माझी रवानगी भंगारात ठरली.

मालकीण मात्र अडून बसली. "इतकी वर्षं नीट होता. आताच काय झालं याला? नवाही असाच बिघडला तर?"

तेव्हा मिस्त्रीने मला उजेडात धरले. तार तेलकट चमकत होती. मग त्याने फिल्टरवर कोरा कागद दाबला; कागद तेलाने पारदर्शक झाला. फिल्टर आपणच धुतल्याचे सोबत आलेल्या सासऱ्यांनी सांगितले.

"काका, तेल पाजलंत फिल्टरला, पण झिंगला हा बिचारा."

"मशीन म्हटलं की तेल नको का?" सासरे पुटपुटले.

"या तारेला नको, बाबा. बुधली आजपासून माझ्याकडे," सून म्हणाली.

'बिचारा' हा शब्द मला मुळीच रुचला नाही. मिस्त्रीने तारेला बोट न लावता तिच्यावर सफाईचा फवारा मारला, मला सुकू दिले, फिल्टर पुन्हा धुऊन त्याला बेताने तेल लावले. त्याच चढणीवर गाडी एका दमात वर गेली. नव्या सेन्सरचे खोके न उघडताच परत गेले.

मित्रांनो, मला दया नको. कोणाला भंगारात काढण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा, एवढा माझा हक्क आहे.