माशांच्या जिन्याचं उलटं दार

कल्पना करा, तुम्ही मासा आहात. हसू नका, गाल फुगवा आणि करा! नदीच्या खालच्या अंगाला, खोल डोहांत खाऊनपिऊन तुम्ही गलेलठ्ठ झालात. पोट अंड्यांनी टम्म भरलंय आणि ती अंडी घालायची आहेत वर, डोंगराजवळच्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात. तुमचा जन्मही तिथलाच. नदीला नवं पाणी आलं तसे तुम्ही निघालात, उलट्या धारेत पोहत राहिलात, आणि एकाएकी समोर भिंत. माणसांनी घातलेला बंधारा. आता हो?

आता जिना चढायचा. बंधाऱ्याच्या कडेला सिमेंटच्या टाक्या बांधलेल्या असतात, एकीपेक्षा दुसरी जरा उंच, आणि मधल्या प्रत्येक भिंतीला एक खाच. खाचांतून पाणी खाली येतं, मासे वर जातात. पाणी असलं तर तो जिना, नसलं तर सापळा.

भिंगरीची आत्या अशाच एका बंधाऱ्यावर दारं चालवायची. मोठी दारं वर उचलली की उघडत, खाली पाडली की मिटत. सगळा जन्म त्यात गेल्यामुळे तिची बोलीच तशी झाली होती. घरातसुद्धा ओरडायची, “अगं, दार पाड, डास येतायत!” एकदा नवा शेजारी हे ऐकून धावत आला. “अहो बाई, भाड्याचं घर आहे, पाडताय काय?”

जिन्याचं छोटं दार मात्र उलट्या खोपडीचं. चाक फिरवून ते खाली नेलं की उघडे, आणि पाणी त्याच्यावरून जिन्यात पडे.

त्या दुपारी माशांची टोळी सगळ्यात वरच्या टाकीपर्यंत पोचली होती. पूर्वी म्हणे यांच्या पाठींनी नदी काळी दिसायची. यंदा आली ती ही एवढीच टोळी. आत्या सकाळपासून त्यांना विनवत होती, “चढा गं बायांनो. तुम्हीच अडकलात तर वर जन्मायचं कुणी?”

तेवढ्यात पलीकडच्या मोठ्या दारात एक ओंडका येऊन अडकला.

“तू इथे जिन्याच्या चाकापाशी थांब,” आत्या पळता पळता भिंगरीला म्हणाली. “मी सांगेन तेव्हाच फिरव. शहाणपणा करू नकोस!”

ओंडका सुटावा म्हणून तिनं मोठं दार उचललं. पाणी तिकडे धावलं आणि जिन्यातली धार करंगळीएवढी झाली. माशांच्या पाठी उघड्या पडू लागल्या.

“आत्या! इकडचं पाणी चाललं!”

पाण्याच्या गडगडाटातून आवाज आला, “उचल! दार उचल!”

भिंगरीचा हात थबकला. उचल? हे तर पाडल्यावर उघडतं. आत्यानंच शिकवलं होतं ना? पण आत्या कशी चुकेल?

“नक्की उचलू?”

“उचल म्हणते ना! कान फुटले का तुझे?”

भिंगरीनं चाक फिरवलं. दार वर आलं आणि उरलीसुरली धारही तुटली.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्याच्या तोंडी ‘उचल’ म्हणजे ‘उघड’! तिनं चाक उलटं फिरवायला घेतलं. हलेना. चाकाच्या दात्यांत फांदी अडकली होती. तिनं लोंबकळून पाहिलं, लाथ मारून पाहिली. चाक ढिम्म.

पलीकडे आत्यानं कपाळावर हात मारला. पण ओंडका अर्धा दाराखाली होता. दार तसंच सोडलं तर त्यानं ते मोडलं असतं. “आले गं, आले!” ती ओरडली, पण येणार कशी?

टाकीच्या खालच्या खाचेतून पाणी निसटतच होतं. सगळ्यात मोठी मादी एका कुशीवर पडली, कल्ले उघडत-मिटत. भिंगरीनं चप्पल खाचेत कोंबली. गेली वाहून. दुसरीही गेली. मग तिनं टाकीत उडी मारली आणि खाचेला पाठ लावून ती घट्ट बसली.

पाणी थांबलं. घोट्याच्या वर, एवढंच. मासे तिच्या पायांवर धडका मारत होते, खवले खरचटत होते. कण्यात कळ उठली. हललं तर पाणी जाणार, एवढंच तिला कळत होतं.

अखेर ओंडका सुटला आणि आत्या धापा टाकत आली. तिनं फांदी उपटली, चाकावर अंग टाकलं. दार खाली गेलं आणि पाणी धबाधबा कोसळलं. पाठोपाठ मासे त्या धारेवर तुटून पडले, एकामागून एक पलीकडे उडाले.

“चुकलं गं माझं! मेली जीभच वळली,” आत्या म्हणाली. “ऊठ आता, गारठशील.”

“थांब. ही राहिलीये.”

मोठी मादी अजून आडवीच होती. भिंगरीनं तिच्या पोटाखाली दोन्ही तळवे घातले आणि तिचं तोंड धारेकडे धरलं. कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला, जरा जास्त. मग शेपटीचा एक सणसणीत तडाखा भिंगरीच्या हनुवटीवर बसला आणि तळवे रिकामे झाले.

“गेली!” आत्या ओरडली.

भिंगरी उठली. खाच मोकळी झाली, पाणी खाली धावलं. खालच्या टाक्यांत कुणी मागे राहिलंय का, ते बघायला ती त्या पाण्याबरोबर एकेक पायरी उतरू लागली.